खोलगल्लीच्या झाकणाची लेव्हल

१६ जानेवारी १९७८, सोमवार

नवीन वही. दोनशे पाने, आखीव. पालिका कचेरीची नाही, स्वतःच्या पैशांनी घेतलेली. उद्या कुणी विचारले तर असावे म्हणून लिहून ठेवतो. (कुणी विचारणार नाही. वही ट्रंकेत राहणार आहे.)

आज शिंत्रे ओव्हरसियरांनी बोलावले. आवक टेबलावरून माझी सुटका. खोलगल्लीच्या पावसाळी गटाराचा प्लॅन आणि एस्टिमेट आता मी करायचे. मी मॅट्रिकला गणितात गेलो, हे स्वतःहून सांगितले. साहेब म्हणाले, गणित कोण बघतंय हो आकाराम, वर अक्षर बघतात. सरकारी अनुदान नव्वद हजारांपर्यंतच्या कामाला मिळते, मात्र प्रस्ताव एकतीस मार्चच्या आत गेला पाहिजे. एस्टिमेट नव्वदच्या वर गेले की प्रस्ताव परत.

योजना पार पडली की मी ट्रेसरच्या (नकाशे गिरवणाऱ्याच्या) जागेवर कायम.

खोलगल्ली माझ्या पायाखालची आहे. वरच्या टोकाला बायडाबाईंच्या घरात मी खोली घेऊन राहतो. गल्ली दोन्ही टोकांना उंच, मध्ये कढईसारखी. कढईच्या तळाला इमाम पिंजाऱ्याचे एकुलते घर आणि दारासमोर जुन्या दगडी गटाराचे झाकण. झाकणाबद्दल उद्या लिहीन.

१७ जानेवारी

झाकणाबद्दल. गेल्या आषाढात इमामचे वडील ख्वाजाचाचा तुंबलेले पाणी मोकळे करायला म्हणून ते झाकण उचलायला गेले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या काठाला सापडले. याच्याशी माझा संबंध नाही.

त्याआधी चाचांनी गटार साफ करण्याबद्दल अर्ज आणला होता, तेव्हा आवक टेबलावर मी होतो, एवढेच. पहिल्या खेपेला अर्जावर तारीख नव्हती. दुसऱ्या खेपेला कोर्ट-फीचे तिकीट नव्हते. तिसऱ्या खेपेला सर्व काही होते, पण पावणेतीन वाजले होते. अर्ज घेण्याची वेळ अडीचपर्यंत. मी स्वतः घड्याळ पाहिले. चाचा बाकावर टेकले, खोकले (आयुष्यभर कापूस पिंजून छाती भरलेली) आणि म्हणाले, बरं, उद्या येतो. त्या रात्रीच पाऊस लागला.

नियम मी केलेले नाहीत.

१८ जानेवारी

दुपारी पावणेतीन. आवक टेबलाच्या मागे खोकला. तीन वेळा. टेबलावर आता बसणारा नवीन कारकून जेवायला गेला होता. घूस असावी.

१ फेब्रुवारी

लेव्हल मशीन शिकलो. चार दिवसांत. शिंत्रे साहेबांना स्वतःला आठ दिवस लागले होते (त्यांनी सांगितले नाही, मी अंदाज केला). माझ्यासोबत खलाशी (मोजणीचा मदतनीस) म्हणून गुंडू. वय पन्नास, विडी, बोलणे फार. तो स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी, जमिनीवर उभी धरणार आणि मी दुर्बिणीतून आकडा वाचून लिहिणार. गुंडूला वाचता येत नाही. ते बरेच आहे, मतभेद होत नाहीत.

गल्लीचे एकवीस बिंदू पाडले. झाकणाचा बिंदू अकरावा.

संकल्प: एकही बिंदू अंदाजाने लिहायचा नाही. ख्वाजाचाचांच्या गल्लीला असे गटार देईन की त्यांचा आत्मा... हे वाक्य खोडले. आत्मा वगैरे मी मानत नाही.

६ फेब्रुवारी

बिंदू १ ते १० पूर्ण. आकडे सुरेख उतरले आहेत. प्रत्येक सात वेगळा ओळखू येतो.

८ फेब्रुवारी, बुधवार

काल अमावास्या. आज सकाळी झाकणावर उतारा. द्रोणात दहीभात, हळदकुंकू लावलेली दोन लिंबे, एक अंडे. चाचा गेल्यापासून गल्लीतले लोक दर अमावास्येला ठेवतात. गुंडू पाच हातांवर थांबला. म्हणाला, साहेब, गळ्याला सुरी लावली तरी म्या ह्ये वलांडायचा न्हाई. जो वलांडतो त्येच्या मागं लागतंय. तुमी धरा पट्टी, म्या बघतो दुर्बिणीतनं. मी म्हणालो, तुला आकडे कुठे येतात? तो म्हणाला, मग ऱ्हाऊ द्या की, लोकाला तरी कुठं येत्यात?

मी अंधश्रद्धाळू नाही. पण हाताखालच्या माणसाच्या भावना जपणे हे अधिकाऱ्याचे काम. शिवाय अंडे फुटले तर पट्टीचा तळ चिकट होऊन आकड्यात फरक पडू शकतो. म्हणून अकरावा बिंदू उद्यावर ठेवला. बायडाबाईंच्या परसातून वळसा घालून पलीकडे गेलो आणि १२ ते १६ घेतले. वेळ वाया गेला नाही.

९ फेब्रुवारी

सकाळी पाहतो तर लालबीभाभी (इमामची बायको) खराट्याने उतारा झाडत होत्या. मी म्हणालो, भाभी, हात लावू नका. त्या म्हणाल्या, का? आमचा सासरा भूत हाय व्हय? जलमभर दुसऱ्याच्या गाद्या भरल्या त्येनं, आता दुसऱ्याच्या मानगुटीवर कशाला बसंल? लिंबे धुऊन पदरात टाकली. म्हणाल्या, पावण्याला सरबत हुईल. माझ्याकडेच बघत होत्या.

मी सरबत घेत नसतो, हे सांगितले.

झाकण आता स्वच्छ होते. पण गुंडू म्हणाला, झाडलं म्हून जातंय व्हय? तर भाभींनीच हात पुढे केला. आण इकडं ती काठी, मी धरती. उभंच ऱ्हायचं हाय न्हवं? मी नम्रपणे नकार दिला. पट्टी धरणारा खात्याचा नोकर असावा लागतो. इजा झाल्यास भरपाईचा प्रश्न. भाभी म्हणाल्या, दारात उभं ऱ्हाऊन कसली इजा रं भाऊ? गुंडू फिदीफिदी हसला. त्याला ताकीद द्यायला हवी.

११ वा बिंदू शनिवारी.

११ फेब्रुवारी

शनिवार. शनिवारी असल्या जागी जाऊ नये असे बायडाबाई म्हणतात. त्यांचे ऐकले म्हणून नव्हे, पण भाडेकरू म्हणून घरमालकिणीचा मान राखावा लागतो.

पावणेतीन. आज खोकला माझ्या खोलीत, फरशीखाली. जुने गटार खोलीखालून जाते हे प्लॅनवर मीच काढले आहे, तेव्हा आवाज येणारच. चार वेळा. (आधी तीन.)

२५ फेब्रुवारी

सगळे बिंदू झाले. अकरा सोडून.

संध्याकाळी इमाम आणि भाभी खोलीवर आले. इमाम फारसा बोलत नाही, बापासारखा घसा साफ करतो. ते मला आवडत नाही. भाभींनी सांगितले ते असे. इमामचा चुलतभाऊ दिलदार याची शाहूपुरीत दुकानामागची खोली रिकामी होणार आहे. कोरडी, सिमेंटची. पाडव्यापर्यंत होय-नाही कळवायचे. लग्नसराईच्या गाद्यांसाठी कापूस भरायचा आहे, तो कुठे भरायचा ते त्यावर. तू सांग आकारामभाऊ, गटार हुनार असंल तर ऱ्हातो, न्हाईतर जातो. पोटाला कापूस लागतोय आन् कापसाला कोरडी जागा. ह्या घरात म्हाताऱ्यानं हयात घालवली, उगंच सोडवत न्हाई बघ.

एका कुटुंबाचा निर्णय माझ्या शब्दावर. मॅट्रिकला गणितात गेलेल्या मुलाच्या आयुष्यात असे किती वेळा येते? मी म्हणालो, निश्चिंत राहा.

संकल्प: उद्या सकाळी सात वाजता, एकटा, पट्टी घेऊन झाकणावर.

२६ फेब्रुवारी

सात वाजता गेलो. सात वाजून चार मिनिटांनी परत. एकट्याने पट्टी धरून त्याच वेळी दुर्बिणीतून पाहता येत नाही, हे जागेवर गेल्यावर लक्षात आले. अनुभवाने माणूस शिकतो.

३ मार्च

शिंत्रे साहेबांनी विचारले, लेव्हली झाल्या सगळ्या? मी म्हणालो, झाल्यातच जमा. ते म्हणाले, जमा म्हणजे? मी म्हणालो, झाल्या.

रात्रीपर्यंत विचार केला. दहाव्या आणि बाराव्या बिंदूची बेरीज करून दोनाने भागले. सरासरी. तो आकडा अकराव्या घरात पेन्सिलीने लिहिला. पेन्सिलीने लिहिलेले म्हणजे लिहिलेले नव्हे.

त्या आकड्याप्रमाणे कढई नाहीच. गल्ली एका सरळ उताराने खाली जाते. डोळ्यांना मध्ये खोल दिसते खरे, पण डोळे फसवतात. म्हणून तर सरकारने मशीन दिले आहे.

१४ मार्च

एस्टिमेट पूर्ण. एकोणनव्वद हजार सातशे. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, मधे खोलगट आहे म्हणून मला भीती होती, काळा दगड फोडत खाली जावे लागले असते, लाखाच्या वर गेले असते. पण तुझ्या लेव्हलीने गाडी रुळावर आणली.

म्हणजे पाहा. झाकणावर जाऊन मोजले असते तर योजनाच मेली असती. कुणीतरी मला तिथे जाऊ दिले नाही, ते गल्लीच्या भल्यासाठीच. (कुणीतरी म्हणजे परिस्थितीने.)

अकराव्या घरातला आकडा शाईने गिरवला. पेन्सिल फार फिकट दिसत होती.

१८ मार्च, शनिवार

सभा. मी कोपऱ्यात, प्लॅन भिंतीवर. खर्चातला पालिकेचा एकतृतीयांश हिस्सा मंजूर व्हायचा होता. एक सभासद म्हणाले, एवढ्या पैशात गल्लीच्या तोंडाला कमान होईल. लोकांना दिसेल असं काहीतरी करा की राव. गटाराचं उद्घाटन करायचं म्हणजे हार घालायचा कुणाला? दुसरे म्हणाले, झाकणाला. सगळे हसले. मी हसलो नाही. झाकण या शब्दाला मी हल्ली हसत नाही.

मग अध्यक्षांनी चष्मा लावला आणि थेट मलाच विचारले. ही गल्ली मी पाहिलेली आहे. मधे पाणी साठते. तिथली लेव्हल प्रत्यक्ष घेतली आहे का?

उत्तर तयार होते. साहेब, एक बिंदू राहिला आहे, आठ दिवस द्या. अगदी हेच शब्द. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले आणि प्लॅनच्या मागे, भिंतीच्या आत, कुणीतरी खोकले. पाच वेळा. सावकाश. बाकावर टेकून वाट पाहणारा माणूस खोकतो तसे.

मी म्हणालो, होय.

मला वाटते, ते होय मी खोकल्याला म्हणालो. अध्यक्षांना वाटले, ते त्यांनाच म्हटले. ठराव मंजूर.

३० मार्च

प्रस्ताव रवाना. मुदतीच्या एक दिवस आधी. पाकिटावरचा पत्ता मी लिहिला. साहेबांनी 'पर्जन्यजल' चुकीचे लिहिले होते, ते दुरुस्त केले. अशा चुकांनी प्रस्ताव परत येतात.

७ एप्रिल

अमावास्या. उद्या पाडवा.

लालबीभाभी सकाळी उंबऱ्यात आल्या. आत आल्या नाहीत. दिलदारला आज कळवायचं हाय. एक इचारती, रागावू नगं. झाकणापाशी तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस न्हवं?

बघितलं, असे मी म्हणालो. आणि ते खोटे नाही. मी झाकण रोज पाहतो. वरून पाहतो. न पाहता राहणे शक्यच नाही.

भाभी म्हणाल्या, मग झालं. दिलदारला न्हाई म्हून सांगती. आन् कापूस हितंच उतरवून घेती.

दिवसभर प्रसन्न वाटण्याचा प्रयत्न केला.

२२ एप्रिल

मंजुरी आली! बायडाबाईंना पेढा दिला. त्या म्हणाल्या, कशाचा रं बाबा? मी म्हणालो, गटाराचा. त्यांनी पेढा ठेवून दिला.

१० मे

काम जोरात. वरच्या टोकाकडून पाइप टाकत मुकादम कढईपर्यंत आला आणि थांबला. मला बोलावणे. प्लॅनप्रमाणे पाइप ठेवला तर त्याची पाठ जमिनीबरोबर येते, आणि पाणी आत जायची लोखंडी जाळी इमामच्या दारासमोर वीतभर उंच राहते. चौरंगासारखी. मुकादम म्हणाला, साहेब, आमी कागुद बघून काम करतो, पर पाणी कागुद बघतंय व्हय?

गुंडू तिथेच होता. एकदा जाळीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. विडीसुद्धा पेटवली नाही. हे त्याच्या स्वभावात नाही.

मी म्हणालो, प्लॅन मंजूर आहे. मंजूर प्लॅनमध्ये वीतभर बदल करायचा तर प्रकरण पुन्हा वर जाते. पावसाच्या आत परत येणार नाही. हे पूर्णपणे खरे आहे.

१२ मे

भाभींनी चौरंगाकडे बोट दाखवले. भाऊ, पाणी खाली हाय आन् जाळी वर. पाणी जिना चढनार व्हय? मी त्यांना दाबाचे तत्त्व समजावले. पाणी साठले की त्याचा दाब वाढतो आणि ते वर चढते, त्याला सायफन म्हणतात. जमिनीवर काडीने आकृती काढली. आकृतीत पाणी चढले. भाभींनी आकृतीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, शिकलेल्याला दिसतंय ते आमाला कसं दिसनार?

सातवीच्या पुस्तकात सायफनचा धडा होता. तपशील नीट आठवत नाही.

१६ मे

जुने झाकण सिमेंटने कायमचे बंद केले. एस्टिमेटमध्ये ही बाब मीच घातली होती, 'जुने गटार बंद करणे'. नवीन गटार असताना जुने उघडे ठेवणे धोक्याचे. आता त्यात कुणी पडणार नाही. सिमेंटचे प्रमाण एकास चार, घोटून. मी लांब उभा राहून देखरेख केली.

आता आवाज बंद होईल.

१७ मे

पावणेतीन. सात वेळा. आणि त्यानंतर, मी शपथेवर लिहितो, बरं, उद्या येतो.

१९ मे

ठरले. भाभींना सांगून टाकायचे. कापूस वर बायडाबाईंच्या माडीवर हलवा, एवढे तरी. तोंडाने सांगताना माझा गोंधळ होतो, म्हणून लिहून काढले. अकरा ओळी. चार वेळा स्वच्छ प्रत केली. पाचव्या प्रतीत शेवटची ओळ समासाबाहेर गेली.

उद्या.

२४ मे

कागद संपला. चांगला कागद आणायला हवा.

९ जून

पाऊस! दुपारी अर्धा तास. वरच्या टोकाला नवीन जाळीतून पाणी खळखळ आत जाताना मी डोळ्यांनी पाहिले. बायडाबाई म्हणाल्या, हाय की रं, जातंय की!  खाली कढईकडे गेलो नाही. वरचे पाणी गेले म्हणजे खालचेही गेले असणार, एकच पाइप आहे.

माझी भीती किती निराधार होती! माणसाने स्वतःवर विश्वास ठेवायला शिकले पाहिजे. भाभींना सांगायचा विचार रद्द. विनाकारण घाबरवणे बरे नाही.

२० जून

इमामच्या दारात डबके. घोट्याएवढे. बेडूक. नवीन कामात असे सुरुवातीला होतेच.

११ जुलै, मंगळवार

सकाळपासून धो धो.

१० वाजता. बायडाबाईंच्या कट्ट्यावरून पाहतो आहे. वरच्या टोकाच्या जाळ्या ओसंडून वाहत आहेत. खालच्या टोकाला नाला फुगला आहे, त्याचे पाणी उलटे पाइपात शिरते. आणि ते बाहेर पडते चौरंगातून. इमामच्या दारात. पाणी वर चढते, हे मी म्हणालो होतो.

१२ वाजता. कढईत कमरेएवढे. इमाम आणि भाभी गाठोडी डोक्यावर घेऊन वर आणत आहेत. कापसाची गाठोडी वर येईपर्यंत दगडाची होतात. अर्धी खालीच.

१ वाजता. गुंडू पहार घेऊन आला. त्याला कुणी बोलावले नव्हते. तो आणि इमाम पाण्यात उतरून झाकण शोधत आहेत. पाण्याखाली सिमेंटवर पहार बसत नाही, निसटते. काम पक्के झाले आहे. गुंडू झाकणावर उभा आहे. त्याच झाकणावर. छातीएवढ्या पाण्यात. ओरडतो आहे, आकाराम सायेब, दुसरी पहार आना की!

बायडाबाईंनी परसातली पहार माझ्या हातात दिली. अरं उभा काय ऱ्हायलाईस? तुजंच गटार हाय न्हवं?

उतरलो. गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. पहार जड होती. मी जात होतो, हे मला नोंदवायचे आहे. कुठेतरी पावणेतीन झाले असावेत, कारण पाण्याच्या आत, माझ्या पायांपाशी, कुणीतरी खोकले.

पहार बायडाबाईंच्या पुतण्याने नेली.

५ वाजता. इमामच्या घराची पुढची भिंत बसली. सगळी माणसे वर आहेत. मोजली. दोनदा मोजली.

१४ जुलै

पाणी ओसरले. ओला कापूस गल्लीभर. गुंडूला ताप. शिंत्रे साहेब येऊन पाहून गेले. म्हणाले, अतिवृष्टी. माझ्याकडे पाहिले नाही. मग निघताना म्हणाले, अतिवृष्टीच, काय आकाराम? मी म्हणालो, होय. या शब्दाची मला सवय झाली आहे.

१६ जुलै, रविवार

आज सांगितले. म्हणजे सांगायला गेलो.

भाभी पडलेल्या भिंतीवर बसून पिंजणीची तात, म्हणजे कापूस पिंजायची दोरी, गुंडाळत होत्या. मी म्हणालो, भाभी, त्या अकराव्या बिंदूबद्दल थोडे बोलायचे आहे. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, गुंडूनं मला मे म्हैन्यातच सांगितलंतं. आकाराम सायबानं झाकणावर पाय ठेवला न्हाई, पट्टी टेकवली न्हाई, आकडा मनानं घातलाय, म्हणाला. मी त्येला काय केलं म्हाईत हाय? झाडू घेऊन हाकलला दारातनं. म्हटलं, मेल्या, तू दारू पिऊन बोलतोस. त्यो पोरगा कागदावर शाईचा ठिपका पडला तर कागद बदलतोय, त्यो आमच्या घराची लेव्हल मनानं घालंल व्हय?

 अकरा ओळींपैकी एकही आठवली नाही.

मग त्या म्हणाल्या, गुंडूला आता काडा नेऊन दिला. माफी मागितली त्येची. तुला काय घिऊन येऊ, सांग?

१७ जुलै

इमाम, भाभी आणि राहिलेले सामान टेंपोतून कुरुंदवाडला गेले. भाभींचे माहेर. शाहूपुरीची खोली दिलदारने कधीच दुसऱ्याला दिली होती. बायडाबाई म्हणाल्या, अगं लालबी, तितं तर दोन नद्या हाईत! भाभी टेंपोत चढता चढता म्हणाल्या, हाईत की. पर त्या सांगून येत्यात.

मी दोर बांधायला हात लावला. इमामने दोर माझ्या हातातून घेतला. ओढून घेतला असे म्हणता येणार नाही. घेतला.

नीट जा, असे मी म्हणालो. टेंपो चालू होता. बहुधा ऐकू गेले नसावे.

२८ जुलै

ट्रेसर म्हणून कायम झाल्याचा हुकूम. साहेब म्हणाले, अभिनंदन. योजनेचा शेवटचा हप्ता सुटायचा आहे, पूर्तता अहवालाचा फॉर्म तेवढा तुझ्या अक्षरात भरून टाक.

संकल्प: फॉर्ममध्ये खरे लिहायचे. नोकरी गेली तरी. मजकूर मनात तयार आहे. अकरावा बिंदू मोजलेला नाही. मी खोटे बोललो. एक घर पडले. तीन वाक्ये. यावेळी समासाबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही.

३१ जुलै, सोमवार

फॉर्म भरायला बसलो, दोन वाजता. नवीन टाक.

पाइपाची लांबी, खरी. सिमेंटची पोती, खरी. मग रकाना आठ: 'सखल भागात पुराच्या धोक्यात राहणारी कुटुंबे'. त्यात दोन चौकटी आहेत, योजनेपूर्वी आणि योजनेनंतर. नियमाप्रमाणे आजची स्थिती लिहायची. योजनेपूर्वी, एक. योजनेनंतर, शून्य. तिथे कुणी राहतच नाही. आकडा बरोबर आहे, मी जाऊन पाहून आलो. साहेबांनी मागून वाकून वाचले आणि म्हणाले, वा, म्हणजे योजना शंभर टक्के यशस्वी. पुढच्या वर्षी आणखी दोन गल्ल्यांना हाच प्लॅन लावू.

पावणेतीन वाजले. टाक बाजूला ठेवून थांबलो. खोकला आला नाही. तीनपर्यंत वाट पाहिली. मग सव्वातीनपर्यंत. आवक टेबलाच्या मागे जाऊन वाकून पाहिले. नवीन कारकून म्हणाला, काय हरवलंय? मी म्हणालो, काही नाही.

शेवटी रकाना बारा, शेरा. माझी तीन वाक्ये इथेच येणार होती. रकाना जेमतेम बोटभर रुंद. शब्द मोजले, अक्षरे मोजली. बारीक अक्षरात लिहिले तरी दुसरे वाक्य तुटून खाली जाते, आणि खाली सहीची जागा.

जे बसले ते लिहिले. निरंक.